मुक्कामाची खोली आणि साथीचे भय

गेल्या हिवाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासण्यासाठी आम्ही तिघे यवतमाळ जिल्ह्यातून अमरावतीस गेलो होतो. मुक्काम बसस्थानकाजवळच्या एका साध्या लॉजवर होता. दार उघडताच आमच्यापैकी एकाने पिशवीतून जंतुनाशकाची बाटली काढली आणि दाराची कडी, दिव्यांची बटणे, टीव्हीचा रिमोट, उश्या, खुर्चीचे हात, न्हाणीघरातील नळ अशा क्रमाने साऱ्या खोलीवर फवारा मारला. दुसरा खोकत खोकत गॅलरीत जाऊन उभा राहिला. तिसऱ्याने दोघांचीही चेष्टा केली. रात्री जेवताना त्या चेष्टेचा वाद झाला, आणि वाढता वाढता तो एका साध्या प्रश्नाशी येऊन थांबला : मुक्कामाची परकी खोली प्रवाशाने निर्जंतुक करून घ्यावी काय?

हा लेख त्या वादातून निघाला असून तो आम्ही तिघांनी मिळून लिहिला आहे. फवारा मारणाराही त्यात आहे, हे आरंभीच सांगणे न्याय्य होईल. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याने घरातले एक माणूस गमावले आहे, आणि त्याच्या हातातील बाटलीकडे निव्वळ विक्षिप्तपणा म्हणून पाहणे आम्हांला शक्य नाही. आम्ही मराठीचे अध्यापक. जंतुशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तरीही या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचा बराचसा भाग मराठी मुलखातच घडलेला आहे. तो पाहिल्यावाचून उत्तर देऊ नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

प्रारंभ एका शब्दापासून करू. मराठीत ‘साथ’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. गवयाला तबल्याची साथ असते, वाटेत कोणाची तरी साथ मिळते. आणि पटकीची साथ येते, तापाची साथ चालू असते. संस्कृतातील ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. त्याचा नायक तो सार्थवाह. ‘मृच्छकटिका’तील चारुदत्त हा सार्थवाहच आहे. एकत्र वाटचाल करणाऱ्यांची सोबत आणि माणसामागून माणसाला गाठत जाणारा रोग या दोन्ही गोष्टी आपल्या भाषेत एकाच शब्दाच्या छपराखाली नांदतात. माणसे एकत्र आली, वाटेला लागली, एका छताखाली निजली की सोबतही घडते आणि साथही पसरते, हा अनुभव भाषेने जंतूंचा शोध लागण्यापूर्वीच नोंदवून ठेवला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या अनुभवाला गावाने दिलेले उत्तरही जुने आहे. पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचा आणि वाजतगाजत गावाच्या शिवेपार नेऊन सोडायचा, ही रीत महाराष्ट्रात अनेक ठिकाणी होती. गाडा शिवेपार गेला म्हणजे रोग गेला. तो पुढच्या गावाच्या हद्दीत गेला, हा विचार त्या विधीत बसत नव्हता. रोग बाहेरून येतो आणि तो बाहेरच घालवायचा असतो, ही समजूत मात्र त्यात पक्की होती. बाहेरून येणारा म्हणजे कोण? अर्थात प्रवासी. साथीच्या काळात प्रवाशाकडे पाहण्याची नजर या समजुतीतून घडलेली आहे, आणि पुढे आधुनिक शास्त्र व आधुनिक कायदा आला तेव्हाही ती पुरती बदलली नाही.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला. प्लेग मुंबईत आला होता. चारच महिन्यांनी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा झाला. हा कायदा अगदी छोटा, चार कलमांचा; पण त्यात रेल्वेने किंवा अन्य मार्गाने प्रवास करणाऱ्यांची तपासणी करण्याचा आणि संशयितांना रुग्णालयात अथवा तात्पुरत्या निवाऱ्यात वेगळे ठेवण्याचा अधिकार सरकारला दिलेला आहे. प्रवासी हा शब्द कायद्यात असा संशयिताच्या जागी येऊन बसला. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून त्यांची काखा-जांघा चाचपून तपासणी होऊ लागली. वरच्या वर्गाच्या डब्यातील उतारूंना ती जेवढी सौम्य होती, तेवढी तिसऱ्या वर्गाला नव्हती.

आमचा जिल्हा त्या वेळी ‘वणी जिल्हा’ या नावाने ओळखला जात असे. यवतमाळ हे जिल्ह्याचे नाव त्याला १९०५ साली मिळाले. यवतमाळ गावाला थेट रेल्वे नव्हती. मुंबई-नागपूर मार्गावरील धामणगाव स्थानकावर उतरायचे आणि तेथून गाडीरस्त्याने आत यायचे, असा प्रवास होता. पुढे शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून अरुंद रुळांची गाडी आली, जिला लोकांनी प्रेमाने ‘शकुंतला’ म्हटले. ती आली कापसासाठी. वऱ्हाडाचा कापूस मुंबईस नेणारे मार्ग आणि मुंबईची माणसे, माल व रोग वऱ्हाडात आणणारे मार्ग एकच होते. साथीच्या इतिहासात आपला जिल्हा कडेचा वाटला तरी तो त्या जाळ्याबाहेर कधीच नव्हता.

पुण्यात १८९७ च्या आरंभी प्लेगची व्यवस्था वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याकडे आली. मार्चपासून गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घराघरांत शिरू लागल्या. रोगी शोधायचे, संशयितांना छावणीत न्यायचे, सामानसुमान बाहेर काढून जाळायचे, जमिनी खणायच्या, भिंती चुन्याने सारवायच्या आणि खोल्यांत कार्बोलिकसारख्या द्रावणांचा मारा करायचा, असा तो कार्यक्रम होता. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपरांची कौले काढण्याचे प्रकारही त्या काळी झाले. स्वयंपाकघरात आणि देवघरात बुटांसह शिरलेल्या सैनिकांची आठवण पुण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, हे तर प्रत्येक मराठी विद्यार्थ्यास ठाऊक आहे. तो सूड कोणत्या गोष्टीचा होता, असे विद्यार्थ्यांना विचारले तर ‘जुलमाचा’ असे उत्तर येते. ते खरेच आहे. परंतु त्या जुलमाचे दैनंदिन रूप खोली निर्जंतुक करण्याचे होते, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

त्याच वर्षी, त्याच पुण्यात, १० मार्च रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. डॉ. यशवंत या त्यांच्या दत्तकपुत्राने पुण्याबाहेर दवाखाना चालवला होता आणि रोग्यांना तेथे पोहोचवण्याचे काम करताना त्यांना संसर्ग झाला. एकीकडे रोग्याच्या घरावर द्रावणाचा मारा करणारे हात आणि दुसरीकडे रोग्याला उचलून नेणारे हात. आम्ही हे दोन्ही प्रसंग वर्गात शिकवतो, पण बहुधा वेगवेगळ्या तासांना. ते एकाच महिन्यातले आहेत.

आता या साऱ्या निर्जंतुकीकरणाने साधले काय, हा प्रश्न विचारला पाहिजे. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्सांद्र यर्सँ याने शोधला होता. तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. घाण, दमट जमीन, कोंदट हवा, रोग्याचे कपडे अशा सर्वांवर संशय होता, म्हणून सर्वांवर द्रावण ओतले जात होते. ही कोंडी फुटली ती एका प्रवाशाच्या हातून. पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच लष्करी डॉक्टर प्लेगच्या कामासाठी हिंदुस्थानात आला होता. जून १८९८ मध्ये कराचीत हॉटेलात उतरलेला असताना त्याने एक प्रयोग केला. प्लेगच्या रोग्याच्या घरात सापडलेला आजारी उंदीर त्याने काचेच्या मोठ्या बरणीत ठेवला. उंदराच्या अंगावर पिसवा होत्याच. आणखी हव्यात म्हणून हॉटेलाच्या आसपास हिंडणाऱ्या एका मांजराच्या अंगावरच्या उसन्या घेतल्या. उंदीर मरावयास टेकला तेव्हा त्याच बरणीत, जाळीच्या लहान पिंजऱ्यात, एक निरोगी उंदीर टांगला. दोघांचा एकमेकांस स्पर्श होणे शक्य नव्हते. पहिला मेला, आणि काही दिवसांनी दुसराही प्लेगने मेला. मधला प्रवास पिसवांनी केला होता. पिसवा नसलेल्या आजारी उंदरापासून मात्र रोग पसरला नाही.

सिमाँवर बराच काळ कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, जी पुढे हाफकिन संस्था म्हणून नावारूपास आली, नव्या आयोगाच्या शास्त्रज्ञांनी हे प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून पाहिले. प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडले. मोकळे सोडलेल्यांना प्लेग झाला. पिसवा पोहोचणार नाहीत अशा पिंजऱ्यांतले वाचले. भिंत, जमीन, हवा सारी तीच होती. भिंतींना लावलेला चुना आणि जमिनीवर ओतलेले द्रावण पिसवांना व उंदरांना रोखण्यास अपुरे होते. बेरकी उंदीर तर ठोकाठोक सुरू होताच शेजारच्या घरात जाई.

येथे आपल्या लोकांच्या एका रीतीचा उल्लेख केला पाहिजे. ‘उंदीर पडू लागले’ की घर सोडून रानात, माळावर खोपटी बांधून राहायचे, असे खेड्यापाड्यांतील लोक करीत. जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘उंदीर पडणे’ हा शब्दप्रयोग अजूनही कानी येतो. त्यांना पिसवांचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण निरीक्षण अचूक होते, आणि घर सोडणे हा त्या काळी खरोखर गुणकारी ठरलेला उपाय होता. बंदुका घेऊन आलेल्या शास्त्रापेक्षा बोलीभाषेतले हे दोन शब्द सत्याच्या अधिक जवळ होते. यावरून शास्त्र नको, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. १८६७ साली लिस्टरने जखमांवर कार्बोलिक वापरून शस्त्रक्रियेचे स्वरूप पालटले. तेच कार्बोलिक पुण्याच्या भिंतीवर फारसे उपयोगी पडले नाही. कोणता रोग कोणत्या वाटेने येतो हे कळल्यावाचून औषध कोठे टाकायचे ते कळत नाही, एवढाच याचा अर्थ.

खुद्द हॉटेलांचा इतिहासही हेच सांगतो. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियातील एका नामांकित हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले आणि पाहुणे न्यूमोनियासारख्या आजाराने दगावू लागले. एकूण ३४ जण गेले. त्या हॉटेलातील खोल्या गलिच्छ नव्हत्या. रोगाचा जिवाणू वातानुकूलन यंत्रणेच्या पाण्यात वाढला होता आणि तुषारांवाटे श्वासात गेला होता. २००३ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरलेल्या एका आजारी डॉक्टरापासून त्याच मजल्यावरील इतर पाहुण्यांना सार्सची लागण झाली, आणि तेथून ती टोरांटो, सिंगापूर, हनोई येथे पोहोचली. त्या पाहुण्यांनी आपापली खोली कितीही पुसली असती तरी कॉरिडॉर आणि लिफ्ट सर्वांची एकच होती.

येथवर प्रश्न शास्त्राचा झाला. परंतु परक्या खोलीविषयी आपल्याला वाटणारी किळस केवळ शास्त्रातून आलेली नसते. आपल्याकडे सोवळ्याओवळ्याचा विचार जंतूंच्या विचाराहून फार जुना आहे, आणि आमचे म्हणणे असे की जंतूंचा नवा विचार पुष्कळदा या जुन्या साच्यात ओतला गेला. दोहोंतला भेद मूलभूत आहे. जंतू पाणी उकळले की मरतो, साबणाने धुतला जातो, आणि तो जात विचारीत नाही. विटाळ मात्र माणसाला जन्मभर चिकटवलेला असतो. तो कोणत्याही द्रावणाने जात नाही, कारण तो तेथे नसतोच.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत प्रवास आणि मुक्काम यांनाच मध्यवर्ती स्थान आहे, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. वडिलांना भेटण्यास निघालेली लहान मुले मसूर स्थानकावर उतरतात. त्यांची जात कळताच बैलगाडीवाले त्यांना घेऊन जाण्यास नकार देतात. अखेर दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान पायी चालणार, असे ठरते. पाणी रात्रभर मिळत नाही. पुढे परदेशांत उच्च शिक्षण घेऊन आलेले आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू होतात तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळत नाही. ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहतात. अडगळीचे सामान भरलेल्या, काळोख्या दालनात ते दिवस काढतात. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक येतात. धर्मशाळा बाटवल्याचा आरोप करतात आणि ताबडतोब निघून जाण्यास सांगतात. त्या दिवशी कोणीही आसरा न दिल्याने आंबेडकर गाडीच्या वेळेपर्यंत बडोद्याच्या कमाठी बागेत बसून राहिले.

ही खोली घाण होती. वटवाघळे, धूळ, अंधार सारे तिच्यात होते. तिच्या घाणीची तक्रार कोणी केली नाही. तक्रार झाली ती तेथे उतरलेल्या माणसाची. मुक्कामाच्या खोलीच्या ‘शुद्धी’चा प्रश्न विचारताना हा प्रसंग आम्हांला दूर सारता येत नाही. आपण खोलीला घाबरतो की आपल्या आधी तेथे निजून गेलेल्या अनोळखी माणसाला, हे प्रत्येकाने स्वतःशी तपासून पाहावे. त्या रात्री जेवताना आमच्या फवारा मारणाऱ्या मित्राला आम्ही हेच विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि मग म्हणाला की त्याला भय वाटते ते माणसांचे नाही, पुन्हा तसल्या रात्री वाट्याला येण्याचे. त्याचे हे उत्तर आम्ही येथे आहे तसे नोंदवतो, कारण तेही खरे आहे.

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरले. राज्यभरातून आलेले साहित्यिक आणि रसिक गावातील हॉटेलांत, लॉजवर, विश्रामगृहांत आणि घराघरांतून उतरले. त्या वेळी वाद पुष्कळ झाले, परंतु खोली निर्जंतुक आहे काय, असे कोणी विचारल्याचे आम्हांला स्मरत नाही. पुढे अवघ्या १४ महिन्यांनी चित्र पालटले. मार्च २०२० मध्ये दुबईच्या सहलीहून परतलेल्या प्रवाशांपैकी पुण्यातील दांपत्य राज्यातील पहिले कोविड रुग्ण ठरले, आणि त्याच सहलीचे धागे यवतमाळपर्यंत आले. राज्यात १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. प्रवासी पुन्हा संशयित झाला. हातावर शिक्के आले, दारावर फलक आले.

आणि फवारेही आले. ३० मार्च २०२० रोजी उत्तर प्रदेशात बरेली येथे गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक द्रावण मारण्यात आले. त्यात बायका आणि मुलेही होती. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने माणसांवर असा फवारा मारू नये, असे स्पष्ट केले. मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितले. जुलै २०२० मध्ये इमॅन्युएल गोल्डमन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात वस्तूंच्या पृष्ठभागावरून होणाऱ्या कोविडच्या संसर्गाचे भय फुगवले गेले आहे, असे मत मांडले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दूषित पृष्ठभागाच्या एका स्पर्शातून लागण होण्याची शक्यता सामान्यतः १०,००० त १ हून कमी असल्याचे सांगितले. रोग मुख्यतः श्वासाच्या हवेतून पसरत होता. १८९७ साली आपण भिंती धूत होतो आणि रोग पिसवांच्या पाठीवर होता. २०२० साली आपण भाजीची जुडी धूत होतो आणि रोग बंद खोलीच्या हवेत होता.

आमच्या जिल्ह्याला तर जंतुनाशकाची दुसरी बाजूही याच काळात दिसली. ३१ जानेवारी २०२१ रोजी घाटंजी तालुक्यातील एका गावात पोलिओचे थेंब म्हणून १२ लहान मुलांच्या तोंडात हात धुण्याच्या सॅनिटायझरचे थेंब गेले. मुले सुदैवाने वाचली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, टाळेबंदीत दारू मिळत नसताना, वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जणांचा मृत्यू झाला. त्याआधी २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले होते. आपल्याकडे कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतात. शेतकरी कपाशीला औषध मारतो, आणि एखाद्या अभागी दिवशी ‘त्याने औषध घेतले’ असेही आपण हलक्या आवाजात म्हणतो. एकाच शब्दात उपाय आणि विष दोन्ही मावतात, हे शिकवण्यासाठी आम्हांला दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

मग प्रवाशाने करावे काय? आमच्या वाचनातून आणि डॉक्टर मित्रांशी झालेल्या चर्चेतून हाती आलेले उत्तर नीरस आहे, पण ते द्यावयास हवे. आपल्या मुलखात प्रवाशाला गाठणारे रोग बहुतेक पाण्यातून, अन्नातून, डासांतून आणि हवेतून येतात. कॉलरा, टायफॉइड, कावीळ यांची वाट पाण्याची व अन्नाची आहे. डेंग्यू, मलेरियाची डासांची. यांपैकी कोणालाही खोलीवर मारलेला फवारा अडवीत नाही. उकळलेले किंवा गाळलेले पाणी, जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने धुतलेले हात, मच्छरदाणी आणि उघडलेली खिडकी या चार गोष्टी बाटलीपेक्षा अधिक काम करतात. धुतलेली चादर मागणे हा आपला हक्क आहे. ढेकूण दिसले तर खोली बदलून मागावी. उलट्या-जुलाबांचा रोगी त्या खोलीत राहून गेला असेल, किंवा आपल्याच सोबतचे कोणी आजारी पडले असेल, तर मात्र न्हाणीघर आणि वारंवार हात लागणाऱ्या जागा जंतुनाशकाने पुसून घेणे योग्यच होय. काही विषाणू अशा जागांवरून खरोखर पसरतात. ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा उपचाराने क्षीण झाली आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मारायचे तर कापडावर घेऊन पुसावे, बंद खोलीत फवारू नये; आणि ब्लीचिंगचे द्रावण व संडास धुण्याचे आम्ल एकत्र करू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

पण एवढ्याने प्रश्नाचे एकच अंग संपते. दुसऱ्या अंगाचा विचार आम्हांला अमरावतीतच सुचला, आणि तो ज्यांच्यामुळे सुचला त्यांचे नाव आमच्या विद्यापीठालाच आहे. संत गाडगेबाबा आयुष्यभर प्रवासी होते. ते गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. पाहुणचार घेण्याआधी गावाचे रस्ते झाडत. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनातून मने, असा त्यांचा क्रम सांगितला जातो. ते जेथे जात ती जागा त्यांच्यासाठी परकी असे. तरी त्यांचे झाडणे स्वतःच्या बचावासाठी नव्हते. ते त्या गावात राहणाऱ्यांसाठी आणि मागून येणाऱ्यांसाठी होते. प्रवाशांची गरज ओळखून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या. पंढरपुरात अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना इतर धर्मशाळांत जागा नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. बडोद्याच्या धर्मशाळेतून हाकलले गेलेल्या प्रवाशाच्या हाती एका धर्मशाळेची किल्ली आली, ही घटना आम्हांला या सगळ्या इतिहासातील सर्वांत स्वच्छ गोष्ट वाटते.

१८९७ च्या द्रावणाला आणि गाडगेबाबांच्या खराट्याला एकाच ‘स्वच्छता’ या शब्दाने ओळखणे आता आम्हांला जड जाते. पहिल्यात माझ्या आधी जो होता तो संशयित आहे. दुसऱ्यात माझ्या नंतर जो येणार आहे तो पाहुणा आहे. आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरे माणूस असते, ज्याचा आम्ही वाद घालताना विसर पडू दिला होता. मुक्कामाची खोली रोज कोणीतरी झाडते, फिनेलच्या पाण्यात हात बुडवून फरशी पुसते, आपण टाकलेल्या चादरी गोळा करते. खोलीतल्या जंतूंशी खरा संबंध तिचा येतो, आणि बहुधा तिच्या हातांत मोजेही नसतात. आम्ही एका रात्रीसाठी एवढे भयभीत झालो. तिच्या रोजच्या दिवसाचा हिशेब आमच्यापैकी कोणीच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मूल्यांकनाचे काम आटोपून निघताना आम्ही चादरींच्या घड्या घातल्या, वापरलेले रुमाल आणि रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून कचऱ्याच्या डब्यात टाकल्या, न्हाणीघरात दोन बादल्या पाणी ओतले. आमच्या मित्राने उरलेल्या जंतुनाशकाने कापड ओले करून दाराची कडी आणि नळ शांतपणे पुसले. निघताना पुसायचे कशाला, असे एकाने विचारले. ‘आता कोणीतरी येईल,’ एवढेच तो म्हणाला. खिडकी आम्ही उघडीच ठेवली, आणि जिन्यात भेटलेल्या सफाई करणाऱ्या बाईंना तसे सांगून बसस्थानकाकडे निघालो.